मम्मींचं माहेर

संशय घेणं हे माझं कामच होतं. नाशिकरोडच्या एका शाळेच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली वीस अ‍ॅडमिशनच्या टेबलावर. जन्माचा दाखला खरा की कुणाकडून करून आणलेला, घराचा पत्ता स्वतःचा की मावशीचा, पोरगं सहा वर्षांचं की साडेपाचचं, हे मी कागद बघायच्या आधी आईबापाच्या तोंडावरून ओळखायचे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. भाजीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस, सगळे माझ्या मते काहीतरी लपवत असतात. पण स्वतःच्या सासूवर असा डोळा ठेवायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. सासर सिंधी. छत्तीस वर्षांपूर्वी आम्ही लग्न केलं तेव्हा दोन्हीकडे बोंबाबोंब झाली, मग सगळे थकले आणि गप्प बसले. सासूबाईंना मी घरातल्या बाकीच्यांसारखं मम्मी म्हणते. आमचं गूळपीठ कधीच नव्हतं, पण आम्ही एकमेकींच्या वाटेलाही गेलो नाही. सासरे जाऊन दहा वर्षं झाली. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी, माझा नवरा आणि त्र्याऐंशी वर्षांच्या मम्मी.

मम्मींचा अख्खा आठवडा गुरुवारवर टांगलेला. त्या दिवशी सकाळी त्या कोकी करतात. कांदा, मिरची, अनारदाणा घालून केलेली जाड, खरपूस रोटी. चार कोक्या फडक्यात बांधायच्या, दह्याचा डबा वेगळा, आणि रिक्षा करून देवळाली कॅम्पला भावाकडे जायचं. भाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. फाळणीनंतर ही माणसं कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने देवळालीला आली. लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या, त्यात निर्वासितांना ठेवलं होतं. मम्मी लग्न होऊन नाशकात आल्या. मामा कॅम्पातच राहिले, तिथेच कापडाचं दुकान टाकलं. आता दुकान त्यांचा मुलगा बघतो आणि मामांना त्याची बायको बघते. तिला मी भाभी म्हणते.

रिटायर झाल्यापासून मम्मींना एकटं पाठवायला नको म्हणून मीही गुरुवारी जायला लागले. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा यायचा. बहीणभाऊ पाऊण तासात दहा वाक्यं बोलायचे. मामा व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून कोकी खायचे, मम्मी समोर बसून त्यांना खाताना बघायच्या. डबा रिकामा झाला की निघायचं. मी भाभीशी गप्पा मारायचे. गप्पा म्हणजे ती बोलायची आणि मी हूं हूं करायचे.

दोन वर्षांपूर्वी मामांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दुकानाचा रस्ता, मग मुलाचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. तरी गुरुवारी मम्मी आल्या की त्यांचा चेहरा उजळायचा. गेल्या श्रावणात एका गुरुवारी मात्र तो उजळला नाही. मम्मींनी नेहमीसारखं “अदा” म्हणून हाक मारली. अदा म्हणजे सिंधीत भाऊ. मामांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि भाभीला विचारलं, ही बाई कोण, दर वेळी कशाला येते. भाभी हसली. म्हणाली, पप्पा, असं काय करता, बहीण आहे ना तुमची.

मामा म्हणाले, “माझी बहीण नाही ही. माझ्या बहिणीच्या भुवईवर खूण आहे. ती अजून यायची आहे.”

भाभी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, मनावर घेऊ नका. मीही घेतलं नसतं. पण तेवढ्यात माझी नजर मम्मींकडे गेली. भाऊ आपल्याला विसरला की बहीण रडते, नाहीतर चिडते, नाहीतर अरे बघ ना नीट, मीच की, असं म्हणते. मम्मींनी यातलं काही केलं नाही. त्यांचा रंग उतरला आणि त्यांनी ओढणी कपाळावर ओढली, भुवया झाकतील अशी. हा चेहरा मी ओळखते. ओरिजिनल आणा, झेरॉक्स चालणार नाही, असं मी म्हटलं की काही बापांचा चेहरा असाच व्हायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

राखीपौर्णिमेला तर कहर झाला. मम्मींनी राखी पुढे केली तसा मामांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने मनगट झाकलं आणि म्हणाले, हे तिचं आहे. मम्मींनी राखी परत पर्समध्ये ठेवली. परतीच्या रिक्षात त्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. मी म्हटलं, मम्मी, त्यांना काही कळत नाही आता. त्या म्हणाल्या, हो हो. आणि बाहेर बघत बसल्या. मला ते हो हो अजिबात पटलं नाही.

मग मी माझ्या जुन्या पद्धतीने कामाला लागले. आठवू लागले. मामा जेव्हा केव्हा सिंधबद्दल बोलायचे तेव्हा शिकारपूरचा तो वरून झाकलेला बाजार, तिथली मिठाई, तिथली सावली. मम्मी कधी चुकून बोलल्याच तर नदी, नावा, पल्ला मासा. मामांच्या गोष्टीत नदी नाही, मम्मींच्या गोष्टीत बाजार नाही. सख्खी भावंडं, आणि दोघांची गावं वेगळी? छत्तीस वर्षं मी हे ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं! स्वतःचाच राग आला मला.

आणि मग डोक्यात नको ते आलं. आता लिहायलाही लाज वाटते. वाटलं, हे बहीणभाऊ नसतीलच तर मग कोण? दर गुरुवारी एक बाई एका पुरुषाला स्वतःच्या हाताने करून खायला घालते, साठ-पासष्ट वर्षं, हे काय साधं आहे? जुनं काही प्रकरण असेल आणि घरच्यांच्या डोळ्यांत धूळ टाकायला भाऊ म्हणत असतील. जेवायला वाढताना मी मम्मींच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी मामांच्या घरी फोन केला की मी कांदा चिरायचा थांबवायचे. नवऱ्याला यातलं काही बोलले नाही. तो म्हणाला असता, तुला काम नाही का दुसरं.

एके दिवशी मम्मींनी मला त्यांच्या कपाटातून डॉक्टरची फाईल काढून आणायला सांगितली. फाईलखाली प्लॅस्टिकची पिशवी होती. मी ती उघडली. हो, उघडली. आत घडीवर फाटलेला, टेपने चिकटवलेला एक कागद होता. कॅम्पातला निर्वासितांचा दाखला. बराकीचा नंबर, शिक्का, आणि कुटुंबातली माणसं: विधवा बाई, वय अठ्ठावन्न. मुलगा, बारा. मुलगी, सात.

कागद अगदी व्यवस्थित होता. पण अशा टेबलावर मी वीस वर्षं बसले आहे, मला वजाबाकी शिकवायला नको. अठ्ठावन्नातून सात गेले, एक्कावन्न. एक्कावन्नाव्या वर्षी बाळंत झालेली बाई? ही बाई म्हणजे आमच्या हॉलमध्ये हार घातलेल्या फोटोतली नानी, मम्मींची आई. तोच फोटो मामांच्या घरीही आहे. मी कागद होता तसा ठेवला आणि फाईल घेऊन बाहेर आले. मम्मी पालक निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले, दोन जुड्या निवडेपर्यंत धीर धरला, आणि मग सरळ विचारलं की नानींना तुम्ही कितव्या वर्षी झालात.

मम्मींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी वाद घातला नाही, पिशवी का उघडलीस म्हणून विचारलंही नाही. पालकाची देठं तोडता तोडता सगळं सांगितलं, दूध उतू गेलं हे सांगावं तितक्या सपाट आवाजात. त्यांचे वडील घर विकून येतो म्हणून मागे राहिले ते आलेच नाहीत. आई बोटीवर तापाने गेली. मामा वेगळ्याच गावचे, आईबाप आधीच गेलेले. धाकट्या बहिणीला घेऊन कराचीच्या धक्क्यावर उभे होते. बोचकं उचलायला त्यांनी तिचा हात सोडला आणि गर्दी मध्ये आली. ते बोटीत ढकलले गेले, ती मागे राहिली. नानी तिसऱ्याच. त्यांची मुलं पुढे निघून गेली होती, ती कुठल्या कॅम्पात उतरली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. देवळालीत बराकीतली जागा कुटुंबाला मिळायची, मध्ये गोणपाटाचा पडदा लावून. एकट्या बायकांना एकीकडे आणि पोरक्या मुलांना दुसरीकडे कुठेतरी पाठवणार, असं लोक बोलत होते. दुपारभर नानी नावनोंदणीच्या रांगेत उभ्या होत्या. टेबलापाशी पोचल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक मुलगा होता आणि एक मुलगी.

मम्मी म्हणाल्या, “तिथे सगळे कोणाचे ना कोणाचे होते. आम्ही तिघंच कोणाचे नव्हतो. मग काय करणार होतो गं?”

एकाच दुपारी आई, भाऊ, बहीण. त्यानंतर नानींनी दोघांना खरोखर आईसारखं वाढवलं, आईसारखंच बडवलं. मुंबईहून माणसांची नवी गाडी आली की मामा कॅम्पाच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे, बहीण उतरते का बघायला. दोन-तीन वर्षांनी ते जायचे थांबले. मम्मींचं लग्न त्यांनीच ठरवलं, विशीतल्या पोराने बापासारखं उभं राहून. कोणाला काही सांगायचं नाही असं तिघांत बोलणं झालं नव्हतं. पण कोणी सांगितलं नाही. सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याला आजही माहीत नाही.

मला फार लाज वाटली. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं होतं ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं, आणि बरोबर केलं असतं. मी म्हटलं, मम्मी, मग घाबरता कशाला, आता कोण विचारतंय तुम्हाला. त्या म्हणाल्या, “अदा विचारतोय ना. मला दुसरं माहेर नाही. त्याने नाही म्हटलं की मी कोणाची नाही.” आणि मग म्हणाल्या, हे तुझ्यापाशी ठेव.

मी ठेवलं. सतरा दिवस.

अठराव्या दिवशी भाभीचा फोन आला. ती वैतागलेली होती. मम्मी येऊन गेल्या की पप्पा दोन दिवस जागेवर बसत नाहीत, फाटकापाशी जाऊन उभे राहतात, बहीण यायची आहे म्हणतात, आत आणायला गेलं तर हात उगारतात. एवढं होतंय तरी मम्मींना दर आठवड्याला यायचंच असतं, सख्ख्या बहिणीला भावाची जरा तरी काळजी नको का, असं ती बोलली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, सख्ख्या? अगं, सख्खीही नाही ती, रक्ताचं कोणी नाही, तरी साठ-पासष्ट वर्षं येते आहे, तुझ्या सख्ख्या नणंदा वर्षातून किती वेळा येतात ते सांग. वाद जिंकल्याचा आनंद मला बहुतेक दोन सेकंद झाला असेल. मग भाभीने विचारलं, रक्ताचं कोणी नाही म्हणजे? मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग.

भाभीने एक-एक करत सगळं काढून घेतलं माझ्याकडून. कशाला खोटं बोलू, मी दिलंही. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, अगदी गोड भाषेत. डॉक्टर म्हणतात की बाहेरच्या माणसांमुळे पप्पांना त्रास होतो, तर काही दिवस कोणी न आलेलं बरं. बाहेरची माणसं. मी तो मेसेज चार वेळा वाचला.

मम्मींना मी सांगितलं की त्यांच्याकडे पाहुणे आहेत. पुढच्या गुरुवारी सांगितलं, घरात रंगकाम काढलंय. तिसऱ्या गुरुवारी काय सांगितलं ते आठवत नाही. वीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकली मी, स्वतःला एक धड जमेना. मम्मी तरीही गुरुवारी कोकी करायच्या. अकरा वाजेपर्यंत फडक्यात बांधून ठेवायच्या, मग फडकं सोडून एक स्वतः खायच्या, बाकीच्या आमच्या ताटात. चौथ्या गुरुवारी त्यांनी माझ्या ताटात कोकी वाढली आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “तू सांगितलंस.”

मी हो म्हटलं. मला वाटलं आता त्या ओरडतील. बरं झालं असतं ओरडल्या असत्या तर. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा चहा घेणं बंद केलं. माझ्याआधी उठायच्या, स्वतःपुरता चहा करायच्या, कप विसळून पालथा घालून ठेवायच्या. माझा नवरा म्हणाला, तुमचं काय बिनसलंय? दोघींनीही सांगितलं, काही नाही. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मी मम्मींना न सांगता कॅम्पात गेले.

भाभीने दार उघडलं पण आत या म्हणाली नाही. मी व्हरांड्यातच बोलले. मी चुकले, माझ्या जिभेला हाड नाही, शिक्षा मला कर, त्यांना का करतेस, असं सगळं बोलले. भाभी ऐकत होती. मग ती बोलायला लागली आणि मला तिचंही काही खोटं म्हणता येईना. ती म्हणाली, पप्पांचे कपडे दिवसातून तीनदा मी बदलते, रात्रीची मी जागते, आणि मलाच या घरातलं काही माहीत नाही. ज्या फोटोला मी लग्नापासून रोज हार घालते ती बाई कोण? आणि जी बाई कोणीच नाही ती इतकी वर्षं इथे काय घ्यायला येते? मी म्हटलं, घ्यायला नाही, डबा घेऊन येते. भाभी म्हणाली, तेच तर मला कळत नाही.

तिचा संशय माझ्या ओळखीचा होता. मी त्याच चष्म्यातून महिनाभर मम्मींकडे बघितलं होतं, कुठल्या तोंडाने तिला बोलणार? शेवटी मी हात जोडले. खरंच जोडले. भाभी म्हणाली, एकदा आणा. पप्पा बिघडले तर मात्र पुन्हा नाव काढायचं नाही.

मम्मींना मी हे जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या अटीसकट. गुरुवारी आम्ही रिक्षात बसलो आणि लॅम रोड संपेपर्यंत मी त्यांना पढवत होते. म्हटलं, सरळ सांगा की मीच ती, धक्क्यावर राहिले होते, आता आले. त्यांना काय कळतंय! भुवईवरची खूण म्हणाल तर माझ्या पर्समध्ये आयब्रो पेन्सिल आहे, दोन मिनिटांचं काम. हे मी खरंच बोलले. ज्या बाईने वीस वर्षं खोटे दाखले पकडले, ती पेन्सिल काढून तयार होती. मम्मींनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, ती ती आहे. तिच्या जागी मी कशी बसू?

मग काय बोलणार तुम्ही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मला नाही माहीत.

मामा व्हरांड्यात होते, मांडीवर टॉवेल. महिन्याभरात केवढे वाळले होते. भाभी दारात उभी होती, हाताची घडी घालून, आणि मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मम्मी समोर गेल्या. या वेळी त्यांनी अदा म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. मामा लगेच चिडले. इथे जागा नाही, म्हणाले. माझी बहीण यायची आहे, ही जागा तिची आहे, तू दुसरीकडे बघ. आवाज चढत चालला होता. भाभीने घडी सोडली आणि एक पाऊल पुढे टाकलं. संपलं, मला वाटलं.

तेवढ्यात मम्मी खाली बसल्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, खुर्चीचा पाय धरून, एक हात जमिनीला टेकत, फरशीवर बसल्या. आता त्यांचं डोकं मामांच्या गुडघ्याच्या पातळीला आलं. वर बघून त्या सिंधीत बोलल्या, इतक्या बारीक आवाजात की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

“माझंही कोणी आलं नाही. तिकडे टेबलावर विचारतायत, कोणाची म्हणून. मी काय सांगू?”

मामा बोलायचे थांबले. त्यांनी मम्मींकडे बघितलं. मग मान वळवून आमच्या दोघींकडे बघितलं, भाभीकडे, माझ्याकडे, परत भाभीकडे, चोराने पोलिसाकडे बघावं तसं. आम्ही हललो नाही. ते खुर्चीत पुढे वाकले, टॉवेल खाली पडला. त्यांनी मम्मींना विचारलं, कोणी नाही बरोबर? नाही, मम्मी म्हणाल्या. आई? बोटीवर गेली. किती वर्षांची आहेस?

“सात,” मम्मी म्हणाल्या.

भाभीने तोंडावर हात ठेवला. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सात, सात, असं ते स्वतःशी म्हणाले, जमेल असा हिशोब करत असल्यासारखे. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला आणि सांगायला लागले. वडिलांचं नाव विचारलं की हे सांगायचं. त्यांनी नाव सांगितलं. म्हण बघू. मम्मींनी म्हटलं. आजोबांचं हे. म्हण. गाव शिकारपूर, बाजाराच्या मागची गल्ली. मम्मी गल्लीचं नाव चुकल्या. मामा रागावले, अशाने दोघांनाही बाहेर काढतील, म्हणाले, आणि त्यांना तेच नाव तीनदा म्हणायला लावलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेला, गल्ली, बोळ, घराच्या दाराचा रंग, एकही चुकत नव्हता. मम्मी त्यांच्यामागून म्हणत होत्या. माझ्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. ते मी पुसलं नाही, पुसायला हात हलवला तर सगळं बिघडेल असं वाटलं.

शेवटी मामा म्हणाले, “पण माझी बहीण येईल. ती आली की तुला सरकावं लागेल.”

“सरकेन,” मम्मी म्हणाल्या. आणि मग त्यांना रडू फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं.

मामांनी घाईघाईने त्यांचा हात पकडला, पुन्हा एकदा दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे बघितलं, आणि ओठ न हलवता हळूच म्हणाले,

“रडू नकोस. रडलीस तर त्यांना संशय येईल.”